भरून घेणारं हृदय

मिरजेतल्या तीन डॉक्टरांनी आनंदराव नलवडेंना सांगितलं होतं की तुमचं हृदय ठणठणीत आहे. तिघांनीही त्यांना खाटेवर झोपवून तपासलं होतं.

आणि झोपल्यावर आनंदरावांना काही होतच नव्हतं. पेपर वाचताना नाही, जेवताना नाही, गप्पा मारताना नाही. पण नदीच्या घाटाच्या पायऱ्या चढायला लागलं की बाराव्या पायरीला धाप लागायची आणि अठराव्या पायरीला कठडा धरून थांबायला लागायचं. वय अडुसष्ट. सांगलीवाडीच्या बाजूला कृष्णेवर जे पंपघर आहे, तिथं एकतीस वर्षं ऑपरेटर म्हणून नोकरी करून निवृत्त झालेला माणूस. तरुणपणी होड्यांच्या शर्यतीत पुढच्या वल्ह्यावर बसायचे. निवृत्तीनंतर साठीवरच्या मंडळींनी हौसेनं एक होडी काढली, तिच्यात पुन्हा बसायला लागले होते. आता दहा वल्ही मारली की अकराव्याला दम संपायचा.

"वयाचं असतं," पहिला डॉक्टर म्हणाला. "टेन्शन घेऊ नका," दुसरा म्हणाला. तिसऱ्यानं झोपेची गोळी लिहून दिली.

"झोप येत नाही म्हणून सांगितलं होतं का तुम्ही?" त्यांच्या बायकोनं, मालनबाईंनी विचारलं.

"नाही."

"मग?"

मालनबाईंनी गोळ्यांची चिठ्ठी घडी घालून फळीवर ठेवली. आरोग्य केंद्रातल्या नर्सकडून त्यांच्या कानावर आलं होतं, की मिरजेला हृदयावर संशोधन करणारं एक नवं केंद्र निघालंय आणि तिथं माणसाला झोपवून नाही, दमवून तपासतात. पुढच्या मंगळवारी त्या नवऱ्याला घेऊन तिथं गेल्या.

डॉक्टर नसीमा मुजावर चाळिशीच्या, बोलायला मोकळ्या. त्यांनी आनंदरावांच्या छातीवर तळहाताएवढी मऊ पट्टी चिकटवली. त्वचेवरूनच आतलं हृदय दाखवणाऱ्या अशा पट्ट्या सन दोन हजार त्रेचाळीसपर्यंत मोठ्या शहरांतून सर्रास झाल्या होत्या. इथं मात्र ती पट्टी लावून माणसाला मागं रेललेल्या सायकलवर बसवत आणि पायडल मारायला लावत. समोर पडद्यावर आनंदरावांचं हृदय दिसत होतं. करड्या रंगाची, मिटणारी आणि उघडणारी मूठ.

पहिली पाच मिनिटं सगळं सुरळीत होतं. मग बाईंनी सायकल जड केली. आनंदरावांच्या कपाळावर घाम आला, ठोके एकशे अडतीसपर्यंत गेले आणि तिथंच अडकले. धाप लागली. पडद्यावरची मूठ भराभर मिटत होती, पण उघडताना कुचंबत होती.

"थांबा काका. मिळालं," डॉक्टर म्हणाल्या.

आनंदरावांना पाणी देऊन त्यांनी विचारलं, "तुम्ही पंपावर होता ना? मग तुम्हाला सांगायला सोपं जाईल. हृदय पंप आहे हे सगळ्यांना माहीत असतं. पण लोक फक्त डिलिव्हरीकडं बघतात."

"आणि सक्शन विसरतात," आनंदराव पटकन म्हणाले.

"अगदी बरोबर. तुमची डिलिव्हरी चांगली आहे. सक्शन, म्हणजे आत ओढणं, बिघडलंय."

त्यांनी पडद्यावर बोट ठेवून समजावलं. तरुण हृदय मिटल्यावर स्प्रिंगसारखं सुटतं आणि फुफ्फुसांकडून रक्त आत ओढून घेतं. वय वाढलं की भिंत ताठरते, सैल व्हायला वेळ लावते. बसलेलं असताना दोन ठोक्यांमध्ये भरपूर वेळ असतो, म्हणून त्रास जाणवत नाही. अंगावर काम पडलं की ठोके वाढतात, मधला वेळ कमी होतो, आणि हृदय पुरतं भरायच्या आतच पुन्हा मिटतं. मागचं रक्त फुफ्फुसांत तुंबतं. तीच धाप. शिवाय ठोक्यांचा ताल धरणाऱ्या पेशी वयापरत्वे कमी होतात, घाई करायचा शरीराचा हुकूमही त्यांना पूर्वीसारखा ऐकू येत नाही. तिशीत हे हृदय एकशे नव्वदपर्यंत पळत असणार. आता एकशे चाळीसच्या पुढं जात नाही.

"तळाचा फूटव्हॉल्व्ह चोंदला की मोटार कितीही फिरवा, पाणी येत नाही," आनंदराव म्हणाले. तीन डॉक्टरांनंतर प्रथमच कुणीतरी त्यांच्याशी त्यांच्या भाषेत बोललं होतं. अर्धा आजार तिथंच उतरल्यासारखं त्यांना वाटलं.

मग डॉक्टरबाई मालनबाईंकडे वळल्या. "काकू, तुमचं वय?"

"चौसष्ट. का?"

"तुलनेसाठी साठीच्या पुढच्या निरोगी बायका हव्या असतात आम्हाला. दहा मिनिटं बसता का सायकलवर?"

"मला कुठं येतीय सायकल?"

"ही पडत नाही," डॉक्टर हसून म्हणाल्या.

मालनबाईंनी लुगड्याचा काष्टा आवळला, पट्टी लावून घेतली आणि पायडल मारायला लागल्या. डॉक्टरांनी सायकल जड केली. आणखी जड केली. मालनबाई खिडकीतून बाहेर बघत होत्या. एकदा त्यांनी विचारलं, "ती समोरची झाडं कशाची हो?" डॉक्टर पडद्याला डोळे लावून उभ्या होत्या. मग त्यांनी दार उघडून शेजारच्या खोलीतल्या दोघा सहकाऱ्यांना हाक मारली.

मालनबाईंचे ठोकेही एकशे पन्नासच्या वर गेले नाहीत. तो वेग कुणाचाच परत येत नाही, असं डॉक्टर नंतर म्हणाल्या. पण पडद्यावरची त्यांची मूठ दर ठोक्याला पुरती सुटत होती, ऐसपैस उघडत होती. घाई जमत नसली तरी हे हृदय प्रत्येक खेपेला जास्त भरून घेत होतं आणि जास्त देत होतं.

"भिंत पस्तिशीतल्या बाईसारखी मऊ आहे," डॉक्टर म्हणाल्या. "काकू, तुम्ही करता काय?"

"काय करणार? घरचं काम," मालनबाई म्हणाल्या.

घरी परत येताना बसमध्ये आनंदरावांनी तपासणीचा कागद दोनदा उघडून बघितला. हिची भिंत मऊ आणि आपली ताठ, हे त्यांच्या घशाखाली उतरत नव्हतं. आयुष्यभर घरात ताकदीचा माणूस म्हणून त्यांचंच नाव होतं. भिंतीवर शर्यतीच्या ढाली त्यांच्या होत्या.

"मशीनमध्ये काहीतरी गडबड असेल," दुसऱ्या दिवशी जेवताना ते म्हणाले.

मालनबाईंनी भाकरी वाढली. "असेल."

"मी वल्ही मारलीत. तू काय केलंस?"

"तुम्ही वल्ही तिसाव्या वर्षी सोडली," मालनबाई शांतपणे म्हणाल्या. "मग मोटारसायकल घेतली. घर ते पंप, पंप ते घर. तिथं खुर्ची. मी लग्न होऊन आले त्या आठवड्यापासनं वैरण आणते. शेत दोन किलोमीटर. सकाळी एक खेप, दुपारी एक. येताना डोक्यावर भारा. बाळंतपणाचे दिवस सोडले तर खाडा नाही."

"मला म्हणायचंस की, गाडीवरनं सोडलं असतं."

"भारा घेऊन गाडीवर बसतात होय?"

आनंदरावांनी घास तोंडात घातला. त्यांनी मनातल्या मनात हिशेब करून बघितला. दिवसाला आठ किलोमीटर, त्यातले चार डोक्यावर वीस-पंचवीस किलो घेऊन, बेचाळीस वर्षं. पंपघराच्या नोंदवहीत त्यांनी तासातासाला पंपाचं प्रेशर लिहिलं होतं. ही नोंद त्यांनी कधी घेतली नव्हती.

दोन आठवड्यांनी डॉक्टर मुजावर यांनी दोघांनाही बोलावून घेतलं.

"नुसता व्यायाम केला तर काकांची भिंत सैल होईल का? पन्नाशीत सुरू केला असता तर झाली असती," त्या म्हणाल्या. "पासष्टीनंतर व्यायामानं पाय सुधारतात, दम थोडा वाढतो, पण भिंत फारशी ऐकत नाही. का ऐकत नाही, ते आम्हाला अलीकडे कळलंय."

कष्ट करणारं हृदय रक्तात अतिशय सूक्ष्म बुडबुडे सोडतं. प्रत्येक बुडबुड्यात पेशींसाठी एक निरोप असतो: जुनी ताठरलेली स्प्रिंग काढा, नवी बसवा. डॉक्टर त्यांना चिठ्ठ्या म्हणत. वर्षानुवर्षं बसून राहिलेलं हृदय या चिठ्ठ्या लिहायचं विसरतं. म्हातारपणी उशिरा व्यायाम सुरू केला तरी आठवण येत नाही. पण दुसऱ्याच्या चिठ्ठ्या त्याला वाचता येतात. अट एकच, वाचणारं हृदयसुद्धा त्या वेळी काम करत असलं पाहिजे. आरामात बसलेला स्नायू पाकीट उघडतच नाही.

"म्हणजे दोन सायकली," डॉक्टर म्हणाल्या. "एकीवर काकू, एकीवर काका. काकूंच्या एका हातातून रक्त यंत्रात येईल, चिठ्ठ्या गाळून घेतल्या जातील, रक्त दुसऱ्या हातातून परत जाईल. चिठ्ठ्या काकांना. आठवड्यातून दोनदा, बारा आठवडे. दोघांचं रक्त जुळतंय."

"चालेल," आनंदराव लगेच म्हणाले.

"काका, एक मिनिट. काकूंना विचारायचंय." डॉक्टरांनी खुर्ची मालनबाईंकडे वळवली. "काकू, या चिठ्ठ्या तुमच्या हृदयानं स्वतःसाठी लिहिलेल्या असतात. त्या काढून घेतल्या की तुम्हाला थकवा येईल. बारा आठवड्यांच्या वर तर अजिबात नाही, आणि नंतर वर्षभर विश्रांती. भरून निघेल, असं प्राण्यांवरच्या प्रयोगात दिसलंय. माणसांत तुम्ही चौथ्या. मी खात्री देत नाही."

मालनबाईंनी नवऱ्याकडे बघितलं. ते टेबलावरच्या पेनाकडे बघत होते.

"करू," त्या म्हणाल्या.

पहिले तीन आठवडे काही फरक पडला नाही. चौथ्या आठवड्यात आनंदराव घाटाच्या अठराव्या पायरीवर न थांबता गेले आणि वर पोचल्यावर त्यांच्या लक्षात आलं. ते पुन्हा खाली उतरले आणि पुन्हा चढले. सहाव्या आठवड्यात पडद्यावरची मूठ निम्म्याहून जास्त सैल झाली होती. होडीत बसून त्यांनी चाळीस वल्ही मारली. हवा छातीत शिरते म्हणजे काय, हे ते विसरून गेले होते.

त्याच आठवड्यात त्यांनी मालनबाईंना शेताच्या बांधावर बसलेलं पाहिलं. वैरणीचा भारा शेजारी पडला होता.

"काय झालं?"

"काही नाही. जरा टेकले."

बेचाळीस वर्षांत त्यांनी तिला भारा खाली ठेवून टेकलेलं पाहिलं नव्हतं. त्यांनी भारा उचलून डोक्यावर घेतला. पन्नास पावलांत मान अवघडली, शंभर पावलांत डोळ्यांपुढं तिरमिरी आली. "चुंबळ नीट घ्या," मागून मालनबाई म्हणाल्या. त्यांनी थांबून चुंबळ नीट केली. घरी पोचेपर्यंत ते चार वेळा थांबले आणि चारही वेळा त्यांना आपल्या शर्यतीच्या ढाली आठवून हसू आलं.

साठीवरच्यांच्या होडीचं सुकाणू सर्जेराव माळींकडे असायचं. आनंदरावांचे ते लहानपणापासूनचे सोबती. वय सत्तर, बायको जाऊन आठ वर्षं झालेली, मुलंबाळं नाहीत. आनंदरावांना बरं वाटतंय याचा त्यांना इतका आनंद झाला होता, की ज्याला त्याला सांगत सुटले होते. "आमचा आनंदा पुन्हा पंचविशीत गेला बघा." पण एका सकाळी सरावात ते सुकाणूवर नुसते बसलेले असताना आनंदरावांचं लक्ष त्यांच्या ओठांकडे गेलं. ओठ निळसर पडले होते.

"सर्जा, किती दिवस झालं हे?"

"कशाचं?"

"मला सांगतोस का डॉक्टरबाईंना?"

सर्जेरावांनी डॉक्टरबाईंनाच सांगितलं. सायकलवर ते तीन मिनिटं टिकले. त्यांचं हृदय आनंदरावांच्या पहिल्या तपासणीपेक्षा कितीतरी ताठ होतं. वर्षभरात झोपूनसुद्धा धाप लागेल, असं डॉक्टर आनंदरावांना बाजूला घेऊन म्हणाल्या. चिठ्ठ्या उपयोगी पडतील का? पडतील, पण रक्त जुळणारा आणि हृदय इतकं मऊ असणारा दाता हवा. त्यांच्या यादीत असा दाता एकच होता आणि तो आनंदरावांच्या घरी राहत होता.

"तुमचे सहा आठवडे बाकी आहेत, काका," डॉक्टर म्हणाल्या.

आनंदरावांनी घरी आल्यावर चार दिवस हा विषय काढला नाही. सहा आठवड्यांत अर्धी सैल झालेली भिंत बाराव्या आठवड्याला पुरी सैल होणार होती. अर्ध्यावर सोडली तर ती टिकेल की पुन्हा ताठरेल, हे डॉक्टरांनाही माहीत नव्हतं. पुन्हा ती बारावी पायरी. पुन्हा तो कठडा. घाटावर जाऊन ते पायऱ्या चढायचे, उतरायचे, आणि वर पोचले की आनंदाऐवजी सर्जेरावांचे ओठ डोळ्यांपुढं यायचे.

पाचव्या दिवशी ते स्वयंपाकघराच्या दारात येऊन उभे राहिले. मालनबाई मेथी निवडत बसल्या होत्या.

"मालन, मी ठरवलंय. माझे उरलेले सहा आठवडे मी सर्जाला देणार."

मालनबाईंचा हात थांबला. "तुमचे?"

"म्हणजे माझ्या वाटणीचे."

"सायकल कोण मारतंय?"

"मी पण मारतो की."

"चिठ्ठ्या कुणाच्या जातात?"

"तुझ्या."

"मग देणारे तुम्ही कोण?"

आनंदराव दारातच खाली बसले. बाहेर म्हैस हंबरली. मालनबाईंनी एक काडी बाजूला टाकली.

"विचारा," त्या म्हणाल्या.

"काय?"

"मला विचारा. डॉक्टरबाईंनी विचारलं होतं तसं."

संसाराच्या बेचाळीस वर्षांत आनंदरावांनी बायकोला पुष्कळ गोष्टी सांगितल्या होत्या. विचारल्याची एक आठवेना. त्यांनी घसा साफ केला.

"मालन, तू सर्जाला देशील का?"

"देईन," मालनबाई म्हणाल्या. "सर्जेभावजींनी स्वतःच मला तपासणीचं सांगितलं होतं. सोमवारीच फोन करून सांगितलंय बाईंना. तुमच्या तोंडातनं निघतंय का, तेवढं बघत होते."

"आणि निघालं नसतं तर?"

"तर तुमच्याशिवाय दिलं असतं. पण मग मला वाईट वाटलं असतं."

आनंदरावांनी समोरची थोडी मेथी ओढून घेतली आणि निवडायला लागले. काड्या बाजूला करत म्हणाले, "तुला भीती नाही वाटत? थकलीयस."

"एकोणीसच्या पुरात तुम्ही कुठं होता?"

"पंपघराच्या गच्चीवर. चार दिवस अडकलो होतो. तुला माहीत आहे."

"मी आणि सासूबाई घराच्या पत्र्यावर होतो. दुसऱ्या दिवशी सकाळी पाण्यातनं शर्यतीची होडी आली. सर्जेभावजी एकटे वल्हवत आले. सहा जणांची होडी. धारेला आडवं कापून. सासूबाईंना उचलून आत घेतलं, मग मला, मग शेजारच्या दोघींना. घाटावर सोडलं आणि परत गेले. तीन खेपा केल्या. तिसऱ्या खेपेनंतर हातांची साल निघालेली मी बघितलीय." मालनबाईंनी मेथीची जुडी उचलली. "त्या दिवशी त्यांनी मला विचारलं होतं का, की वहिनी मी थकलोय, येऊ का नको?"

सर्जेरावांनी मात्र साफ नकार दिला. केंद्राच्या पायरीवर बसून ते म्हणाले, "नाही वहिनी. आनंदाच्या तोंडचं काढून मी घेणार नाही. सत्तरी झाली. पुरे झालं."

"भावजी, होडी कुणी आणली होती?"

"त्यात काय मोठं? होडी माझीच होती."

"मग हृदय माझंच आहे," मालनबाई म्हणाल्या. "उठा."

सर्जेरावांनी आनंदरावांकडे बघितलं. आनंदराव म्हणाले, "ऊठ लेका. हिच्यापुढं आपलं काही चालत नाही हे मला आत्ता आत्ता कळलंय, तुला कशाला उशीर?" सर्जेरावांनी धोतराच्या सोग्यानं डोळे पुसले आणि उठले.

पुढचे सहा आठवडे दुसऱ्या सायकलवर सर्जेराव बसले. आनंदराव मधल्या स्टुलावर बसून दोघांना पाणी द्यायचे. सर्जेरावांची पहिली पायडलं इतकी हळू होती की यंत्राला ती मोजता येईनात. डॉक्टरांनी वेग आणखी कमी केला. मालनबाई एका हाताला नळी, दुसऱ्या हाताला नळी अशा बसून त्यांना हुरूप द्यायच्या: "भावजी, त्या वडाजवळ पोचलो बघा. आता माळ्यांची विहीर. आता बांध." त्या रोजच्या वैरणीच्या वाटेनं त्यांना घेऊन चालल्या होत्या. पाचव्या आठवड्यात सर्जेराव म्हणाले, "वहिनी, आता भारा द्या माझ्याकडं." सगळी खोली हसली आणि मालनबाईंनी नळी असलेला हात हलू नये म्हणून हसू आवरलं.

सर्जेरावांची भिंत पुरती सैल झाली नाही. पण ओठांचा निळसरपणा गेला. घाटाच्या पायऱ्या ते थांबत थांबत का होईना चढू लागले. ज्या वर्षात झोपूनसुद्धा धाप लागेल असं भाकीत होतं, ते वर्ष त्यांनी होडीतच बसून काढलं.

आनंदरावांची गोष्ट वेगळी झाली. पहिले काही महिने त्यांची मूठ हळूहळू पुन्हा आवळत चालली. डॉक्टर म्हणाल्या, "तुमच्या हृदयाला आता लिहायला शिकावं लागेल. थोडं शिकलंय. रोज सराव द्या." वैरणीचं काम मालनबाईंनी आता करायचं नव्हतंच. आनंदराव सकाळ-दुपार शेतावर जायला लागले. रस्त्यावर लोक थट्टा करायचे, "काय आनंदराव, गाडी बिघडली का?" तेही म्हणायचे, "गाडी चांगलीय. ड्रायव्हर बिघडला होता." मालनबाई कधी कधी मोकळ्या हातानं सोबत चालायच्या. आनंदरावांना वाट कळायला लागली. कुठं चढ आहे, कुठल्या बांधावर सावली लवकर येते, कुठल्या दगडावर भारा टेकवून एकट्यालाही परत डोक्यावर घेता येतो. तो दगड मालनबाईंनीच वीस वर्षांपूर्वी तिथं आणून ठेवला होता.

सहाव्या महिन्यात पडद्यावरची मूठ आवळायची थांबली. नवव्या महिन्यात किंचित सैल झाली. डॉक्टर मुजावर यांनी ते चित्र तीन वेळा फिरवून बघितलं. मालनबाईंचं हृदय तर पाचव्या महिन्यातच पूर्वीसारखं भरायला लागलं होतं.

या दोन चित्रांमुळे केंद्राचं काम पालटलं. डॉक्टर मुजावर यांनी आजूबाजूच्या गावांत गाडी फिरवली. त्यांना हव्या होत्या पन्नाशी-साठीच्या पुढच्या, आयुष्यभर चाललेल्या, उचललेल्या, वाकलेल्या बायका. द्राक्षबागांत छाटणीला जाणाऱ्या, वैरण वाहणाऱ्या, विटा डोक्यावर घेऊन जिने चढलेल्या. आजवर सरकारी शिबिरांत या बायका तपासल्या गेल्या होत्या त्या रक्त कमी आहे म्हणून, गुडघे गेलेत म्हणून. आता पट्टी लावली की डॉक्टर पडद्यावरची मूठ बघत आणि म्हणत, "मावशी, तुमच्यासारखं हृदय शहरात शोधून सापडत नाही." काही जणींना रक्त कमी असल्यानं परत पाठवलं, आधी त्यांच्यावर औषधपाणी, मग पुढचं. कुणावर जबरदस्ती नाही, बारा आठवड्यांच्या वर कुणी नाही, घरच्यांनी परस्पर होकार द्यायचा नाही. ही शेवटची अट कागदावर मालनबाईंनी घालायला लावली.

पुढच्या वर्षी एका मोठ्या दालनात चौदा सायकली झाल्या. चिठ्ठ्या आता गोठवून ठेवता येत होत्या, त्यामुळे घेणारा माणूस शेजारी असायची गरज उरली नव्हती. कोणाच्या चिठ्ठ्या कोणाला गेल्या हे गुप्त ठेवलं जाई. आनंदराव तिथं रोज दुपारी येऊ लागले. नळ्या जोडायचं काम नर्सचं. यंत्राच्या पंपाचा आवाज बदलला की आधी आनंदरावांना कळायचं. बायकांना पाणी देणं, चहा देणं, उतरताना हात देणं ही कामं त्यांनी स्वतःकडे घेतली होती.

विश्रांतीचं वर्ष संपलं आणि तपासणी करून मालनबाई पुन्हा सायकलवर आल्या. या वेळी अनोळखी कुणासाठी तरी.

त्या दुपारी एक माणूस दालनाच्या दारात येऊन उभा राहिला. साठीचा, शहरी कपड्यांतला, हातात पेढ्यांचा पुडा. तो पुण्याहून आला होता. शाळेत शिक्षक होता, दोन वर्षं जिना चढू शकत नव्हता, या पावसाळ्यात मुलीबरोबर टेकडी चढून आला होता.

"मला आभार मानायचे होते," तो आनंदरावांना हळूच म्हणाला. "यांतल्या कोण?"

"ते सांगता येत नाही, सर. आम्हालाही माहीत नसतं."

माणसानं चौदा सायकलींकडे बघितलं. लुगडी, सहावारी, एक-दोन पंजाबी ड्रेस. भेगाळलेल्या टाचा एका लयीत फिरत होत्या. कुणी कुणाला सुनेबद्दल सांगत होती. त्यानं पुडा टेबलावर ठेवला आणि पहिल्या सायकलपासून शेवटच्या सायकलपर्यंत चालत जाऊन प्रत्येकीसमोर उभं राहून हात जोडले. बायका गडबडल्या. हातांना नळ्या असल्यानं कुणालाच परत हात जोडता येईनात. शेवटी टोकाच्या सायकलवरची काशीबाई म्हणाली, "बसा हो सर, चहा घ्या. आमची अजून वीस मिनिटं राहिल्यात."

माणूस बसला. चहा पिताना त्याच्या डोळ्यांतून पाणी येत राहिलं आणि त्यानं ते पुसलं नाही.

आनंदरावांनी पेढे वाटायला घेतले. वाटता वाटता ते मालनबाईंच्या सायकलशी आले. त्या पुण्याच्या माणसाला देणारी कोण ते कळणार नव्हतं. आपल्याला देणारी कोण, हे आनंदरावांना मात्र पहिल्या दिवसापासून ठाऊक होतं, आणि तरी हे साधं काम त्यांच्याकडून राहून गेलं होतं. त्यांनी पेढ्यांचं ताट खाली ठेवलं, टोपी सारखी केली आणि बायकोसमोर उभं राहून दोन्ही हात जोडले.

तेरा सायकली हळू झाल्या. मालनबाईंची तेवढी त्याच वेगात फिरत राहिली. त्यांनी नवऱ्याच्या जोडलेल्या हातांकडे बघितलं, मग तोंडाकडे बघितलं. कानशिलं तांबडी झाली, ती पायडल मारून की कशानं, ते सांगता आलं नसतं.

"काय झालं?" त्यांनी विचारलं.

"काही नाही."

"मग जरा बाजूला व्हा," मालनबाई म्हणाल्या. "पंख्याचा वारा अडतोय."